विश्लेषण : एका कायद्याने अमेरिकेची लोकसंख्या कशी बदलली?

अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३ ऑक्टोबर १९६५ रोजी न्यूयॉर्कमधील स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी नव्या स्थलांतर कायद्यावर स्वाक्षरी केली. हा कायदा क्रांतिकारक नाही, लाखो लोकांच्या आयुष्यावर त्याचा परिणाम होणार नाही, असे ते तेव्हा म्हणाले होते. पुढील ५० वर्षांनी हे विधान पूर्णपणे चुकीचे ठरवले.

आधीची व्यवस्था काय होती?

१९२४ च्या कायद्याने प्रवेशाचा निकष ‘तुम्ही कोण आहात’ यापेक्षा ‘तुम्ही कुठले आहात’ हा ठरवला. १८९० च्या जनगणनेत ज्या देशात जन्मलेले जितके लोक अमेरिकेत होते, त्याच्या दोन टक्के इतकाच त्या देशाचा वार्षिक कोटा. इटालियन, पोलिश, ज्यू स्थलांतरितांना रोखण्यासाठीच हे जुने वर्ष निवडले गेले. आशियाई लोकांना तर दारे जवळपास बंदच होती. भारतीय ‘गोरे’ नाहीत, म्हणून नागरिकत्वास अपात्र, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात दिला होता. १९४६ मध्ये भारताला कोटा मिळाला, तो वर्षाला अवघ्या १०० जणांचा.

१९६५ मध्ये काय बदलले?

नागरी हक्क चळवळीने वर्णभेदाविरुद्ध रान उठवले होते आणि शीतयुद्धात जगाला स्वातंत्र्याचे धडे देणाऱ्या देशाला असा कायदा शोभत नव्हता. सिनेटर फिलिप हार्ट आणि प्रतिनिधी इमॅन्युएल सेलर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने वांशिक कोटा रद्द केला. सेलर यांनी १९२४ च्या कायद्यालाही विरोध केला होता. तो रद्द व्हायला चार दशके लागली. पूर्व गोलार्धासाठी वर्षाला १ लाख ७० हजार व्हिसा आणि प्रत्येक देशाला कमाल २० हजार, अशी नवी रचना आली. नागरिकांचे जोडीदार, अल्पवयीन मुले आणि आईवडील या मर्यादेबाहेर ठेवले गेले.

अंदाज कुठे चुकला?

नातेवाईकांना प्राधान्य दिले की आधीपासून असलेल्या युरोपीयांचेच आप्त येतील आणि लोकसंख्येची घडण तशीच राहील, असा काही लोकप्रतिनिधींचा हिशेब होता. पण युद्धानंतर सावरलेल्या पश्चिम युरोपातून येणाऱ्यांची निकड ओसरली होती. आशियातून डॉक्टर, अभियंते कौशल्याच्या आधारे आले, नागरिक झाले आणि त्यांनी आपल्या भावंडांना बोलावले. मराठी माणसेही याच वाटेने गेली. उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांचे जाळे त्यानंतरचेच. प्यू संशोधन केंद्राच्या अभ्यासानुसार १९६५ मध्ये पाच टक्के असलेले परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण २०१५ पर्यंत सुमारे १४ टक्क्यांवर गेले. गोऱ्यांचा वाटा ८४ वरून ६२ टक्क्यांवर आला.

मेक्सिकोचे काय झाले?

हाच कायदा मेक्सिकोसाठी मात्र दार अरुंद करणारा ठरला. पश्चिम गोलार्धावर पूर्वी संख्येची मर्यादा नव्हती. ती प्रथमच घातली गेली. शेतमजुरांना हंगामी परवाने देणारी ‘ब्रासेरो’ योजना १९६४ मध्येच संपली होती. शेतातले काम संपले नाही, त्यामुळे येणारेही थांबले नाहीत. कालपर्यंत परवान्यावर येणारा मजूर आता ‘बेकायदा’ ठरला.

भारतीयांपुढील आजचा पेच काय?

१९९० च्या कायद्याने नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांची मर्यादा वर्षाला १ लाख ४० हजार केली आणि कोणत्याही एका देशाला साधारण सात टक्क्यांची कमाल मर्यादा घातली. भारत आणि आइसलँड या मोजपट्टीवर समान. परिणामी अनेक भारतीयांची प्रतीक्षा दशकांवर गेली आहे. आईवडील रांगेत असताना मूल २१ वर्षांचे झाले, की साधारणपणे त्याचा त्या अर्जावरील हक्क संपतो. ज्या देशात ते वाढले तिथेच त्याला नवा व्हिसा शोधावा लागतो.

वांशिक कोटा हटवणे न्याय्यच होते. मात्र सर्व देशांना समान संख्या म्हणजे सर्व माणसांना समान संधी नव्हे, हे १९६५ ने शिकवले. म्हणूनच आजच्या बदलांचे मोजमाप सीमेवरील या वर्षीच्या आकड्यांवरून करणे घाईचे ठरेल. स्थलांतराच्या कायद्याचा खरा निकाल पुढची पिढी लागल्यावरच कळतो, आणि तेव्हा तो उलटवता येत नाही.