हक फिनच्या गोष्टीतून ‘तात्पर्य’ काढणाऱ्यांना

मार्क ट्वेनच्या ‘हकलबरी फिन’मधून मुलांनी काय शिकावे, याच्या याद्या नेहमी वाचायला मिळतात. मैत्री, धाडस, प्रामाणिकपणा. प्रामाणिकपणा? पुस्तकभर थापा मारून वेळ मारून नेणाऱ्या पोराच्या नावावर? बी.एड.ला आम्हालाही पाठ टाचणात मूल्यांचा रकाना भरायला लावत. धडा कोणताही असो, रकाना रिकामा ठेवायचा नाही. या याद्या त्याच सवयीतून येतात, आणि त्यांत कादंबरी हरवते.

गुलामगिरी कायदेशीर होती तेव्हाची ही मिसिसिपी नदीकाठची गोष्ट आहे. दारुड्या बापाच्या मारातून सुटलेला तेरा-चौदा वर्षांचा हक आणि मालकिणीकडून पळालेला जिम तराफ्यावरून निघतात. जिम म्हणतो, स्वतंत्र झालो की पैसे जमवून बायकोला सोडवीन, मग दोघे मिळून मुलांना. मालक विकत नसेल तर कुणाकरवी चोरून आणीन. हे ऐकून हकला धक्का बसतो. कशाचा? ज्या मालकाने आपले काही वाईट केले नाही, त्याची ‘मालमत्ता’ हा पळवणार! स्वतःची लेकरे! जिमला पकडून द्यायला तो निघतोही. पण पळालेले गुलाम शोधणारी माणसे समोर येतात तेव्हा तो असे बोलतो की तराफ्यावर देवीचा रोगी आहे असा त्यांचा समज व्हावा. ती घाबरून दूर राहतात, वर वीस-वीस डॉलरची दोन नाणी देऊन जातात. जिम वाचतो तो या खोट्यामुळे. हकला मात्र आपण गुन्हा केला असेच वाटते.

मराठीत आपण सदसद्विवेकबुद्धी म्हणतो, उर्दूत जमीर. माणूस चुकला तर जमीर टोचतो, असे आपण मुलांना सांगतो. इथे जमीरच गुलामांच्या मालकांच्या बाजूने बोलतो, कारण तो घडवला त्याच गावाने, त्याच प्रवचनांनी. पुढे जिमचा ठावठिकाणा कळवणारे पत्र हक मालकिणीला लिहितो आणि त्याला पाप धुऊन निघाल्यासारखे हलके वाटते. मग आठवते, आपली झोप मोडू नये म्हणून जिम आपल्या वाट्याचाही पहारा करायचा. तो पत्र फाडतो. नरकात जायची तयारी ठेवून फाडतो. आपण चांगले काम केले, हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही.

आता हे कोणत्या रकान्यात लिहाल? ‘मोठ्यांचे ऐकावे’? ऐकले असते तर जिम विकला गेला असता.

बरे, हक एकदा शिकला आणि सुधारला, असेही नाही. शेवटी टॉम सॉयर येतो आणि जिमच्या सुटकेचा पोरखेळ मांडतो. मालकिणीने मृत्युपत्रात जिमला आधीच मुक्त केले आहे, हे टॉमला ठाऊक असते, तरी तो लपवतो. हकला ते माहीत नसते; पण टॉम शिकलेला, चांगल्या घरातला, म्हणून तो मुकाट त्याच्यामागे जातो. कोंडलेल्या जिमचे हाल होत राहतात. अनेकांना हा भाग कादंबरीची घसरण वाटतो. मला तो सगळ्यात खरा वाटतो. आमच्या वर्गातही शहाणा ठरलेला मुलगा बोलला की बाकीचे आपले उत्तर खोडतात.