आधी खर्चाचा हिशेब दाखवा

कॅम्पसमधून पहिली नोकरी लागते, घरी पेढे वाटले जातात आणि त्याच आठवड्यात स्टॅम्प पेपरवर बाँड लिहून दिला जातो. दोन-तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर लाख-दोन लाख भरायचे. पुढे चांगली संधी आली की एचआर तोच कागद पुढे करतं: पैसे भरा, नाहीतर रिलीव्हिंग लेटर विसरा.

‘बाँडला कोर्टात काही किंमत नसते,’ असं मुलं एकमेकांना सांगतात. हा समज महागात पडू शकतो. विजया बँकेतल्या एका अधिकाऱ्याने तीन वर्षं पूर्ण होण्याआधी राजीनामा दिला आणि बाँडचे दोन लाख भरून ते परत मागितले. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकेच्या बाजूने निकाल दिला. सरकारी बँकेला जाहिरात देऊन, खुली प्रक्रिया राबवूनच भरती करावी लागते. माणूस मध्येच गेला तर तो खर्च पुन्हा होतो, हे न्यायालयाने मान्य केलं. त्या पदाचा पगार पाहता रक्कमही त्याला अवाजवी वाटली नाही.

पण या निकालाची झेरॉक्स दाखवून कुठल्याही कंपनीने फ्रेशरला धमकावावं, असा त्याचा अर्थ होत नाही. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 74 नुसार करारात कितीही मोठा आकडा लिहिला, तरी तो फक्त कमाल मर्यादा असतो. मिळते ती वाजवी भरपाई. मनाविरुद्ध नोकरीत राहण्याचा हुकूमही न्यायालय देत नाही.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. कंपनीने खरोखर पैसे खर्चून कौशल्य शिकवलं असेल, तर तिने भरपाई जरूर मागावी. मात्र त्या खर्चाचा हिशेब ऑफर लेटरसोबतच द्यावा आणि जितके महिने काम झालं, तितकी रक्कम कमी होत जावी. तीन वर्षांच्या बाँडमध्ये अडीच वर्षं राबलेल्या मुलीकडून पहिल्या महिन्यात निघून गेलेल्याइतकेच पैसे घेणं हा अन्याय आहे. दोन आठवडे स्लाइड दाखवायच्या आणि त्याला लाखाचं प्रशिक्षण म्हणायचं, हाही अन्यायच. मूळ गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र अडकवून ठेवणं तर ताबडतोब थांबलं पाहिजे. ती विद्यार्थ्याने मिळवलेली आहेत, कंपनीकडे तारण ठेवायची वस्तू नव्हेत.

राजीनामा देणाऱ्यांनीही रातोरात गायब होऊ नये. लेखी राजीनामा द्या, नोटीस पिरियड पूर्ण करा, आपल्यावर नेमका किती खर्च झाला ते ईमेलवर विचारा. वकिलाची नोटीस आली तर घाबरू नका, पण उत्तर दिल्याशिवायही राहू नका.

कॉलेजांच्या प्लेसमेंट सेलने यात पुढाकार घ्यावा. बाँडची रक्कम आणि तिचा हिशेब आधी जाहीर न करणाऱ्या कंपनीला कॅम्पसमध्ये बोलावूच नये.