विषय बदलला म्हणजे शिक्षण वाया गेले काय?

गेल्या महिन्यात एक तरुण आईला सोबत घेऊन आम्हाला भेटायला आला. मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी हातात आहे, गुणही चांगले आहेत. आता त्याला समाजशास्त्रात एम.ए. करायचे आहे. घरात त्यावरून वाद पेटलेला. आई म्हणाली, "साहेब, कर्ज काढून शिकवलं. मग ती चार वर्षं पाण्यात गेली म्हणायची का?"

त्या माऊलीचा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेणार नाही. ज्या घरात पहिल्यांदाच पदवी आली, त्या घराला ती छपरासारखी असते. पोरगा छपरावरून उतरतो म्हणाला तर आईच्या पोटात गोळा येणारच. परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. आपल्या मुलांनी पहिला विषय स्वतः निवडलेला असतो काय? बारावीला गुण पडले, कोणी म्हणाले इंजिनिअरिंगला घाला, जागा मिळाली, घेतली. स्वतःची आवड कळायला वसतिगृह, ग्रंथालय आणि चार जाणती माणसे भेटावी लागतात. तोवर पदवी हाती आलेली असते.

विषय निवडण्याचा हक्क हाच आपल्याला नाकारला गेला होता, हे विसरता कामा नये. बाबासाहेबांना संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून ते शिकू दिले नाही, तेव्हा पर्शियन घ्यावी लागली. तेच बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले आणि एका विषयाच्या चौकटीत बसले नाहीत. मुख्य विषय अर्थशास्त्र, पण सोबत समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्रही. ९ मे १९१६ रोजी भारतातील जातींवरचा निबंध त्यांनी वाचला तो मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात. त्याच वर्षी लंडनला अर्थशास्त्रासोबत ग्रेज इनमध्ये कायद्यासाठी नाव घातले. अर्थशास्त्राचा हा विद्यार्थी पुढे संविधानाचा शिल्पकार झाला. त्यांचे अर्थशास्त्र वाया गेले असे कोण म्हणेल?

मात्र भावनेच्या भरात उडी मारू नका, असे आम्ही त्या तरुणाला बजावले. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा एक नियम आपल्या अनेक मुलांना उशिरा कळतो. एका टप्प्याचे शिक्षण पूर्ण करून त्याच टप्प्यावर दुसरा विषय घेतला, म्हणजे एका विषयात एम.ए. करून पुन्हा दुसऱ्या विषयात एम.ए., तर शिष्यवृत्ती मिळत नाही. म्हणून विषय बदलायचा तर वरची पायरी चढताना बदला, त्याच पायरीवर फिरत राहू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२४ च्या पदव्युत्तर आराखड्यात पदवीचा विषय वेगळा असला तरी प्रवेश परीक्षेच्या आधारे दुसऱ्या विषयात जाण्याची वाट ठेवलेली आहे. पण प्रत्येक विद्यापीठाची अट वेगळी असू शकते. अर्ज भरण्याआधी त्या वर्षाचे माहितीपत्रक ओळ न ओळ वाचा.

परदेशी जाणाऱ्यांनी तर डोळ्यांत तेल घालून नियम वाचावेत. केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीतून २०२२ साली भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक संशोधनाचे विषय वगळण्यात आले. म्हणजे आमचा पोरगा यंत्रे शिकायला परदेशी जाऊ शकतो, पण जात का टिकली हे तिथे शिकतो म्हणाला तर त्या शिष्यवृत्तीचे दार बंद! १९१६ चा तो निबंधही या नियमात बसला नसता. कोणत्या विषयाची भीती वाटते, हे यावरून समाजाने ओळखावे आणि त्याविरुद्ध आवाज उठवावा.

आता अर्जाविषयी. जुना विषय लपवू नका. यंत्रशाळेत कामगार पाहिला, त्याच्या जगण्याविषयी प्रश्न पडला, म्हणून समाजशास्त्राकडे वळलो, असे सरळ लिहा. इंजिनिअरचे गणित आकडेवारीच्या अभ्यासात कामी येते, तेही सांगा. मात्र नुसती तळमळ पुरत नाही. वर्षभर नव्या विषयाची मूळ पुस्तके वाचा, त्या विषयाच्या प्राध्यापकांना भेटा, आपल्याच वस्तीची छोटी पाहणी करून ती लिहून काढा. निवड करणाऱ्यांना त्यातून तुमची तयारी दिसते.

समाजातील नोकरदार बांधवांनाही आमचे सांगणे आहे. अशा मुलांना टोमणे मारू नका. प्रवेश परीक्षेच्या काळात एका मुलाचे सहा महिन्यांचे खोलीभाडे उचलले तरी ती चळवळच आहे. आपल्यातून डॉक्टर, इंजिनिअर निघाले, आणखी निघोत. पण आपल्या जगण्याचा अभ्यास दुसऱ्यांनीच करायचा आणि आपण फक्त त्यांच्या तक्त्यात भरायचे, हे किती दिवस चालणार?

जाताना त्या माऊलीला आम्ही एवढेच म्हणालो, "बाई, चार वर्षं पाण्यात गेली नाहीत. तो पाया आहे. भिंत कुठल्या बाजूला उभी करायची ते आता त्याला ठरवू द्या." ती काही बोलली नाही. पण उठताना तिने मुलाच्या हातातला अर्ज स्वतःच्या पिशवीत नीट ठेवला.

जय भीम!