डीजेच्या पलीकडचं इलेक्ट्रॉनिक

उन्हाळ्यात आमच्या प्रतापगडला लग्नाची वरात निघाली की घरातली भांडी थरथरतात. छातीत धडधडणारा बास, तेच ते रीमिक्स आणि कानांवर हात ठेवून बसलेली आजी. त्यामुळे 'मला इलेक्ट्रॉनिक म्युझिक आवडतं' असं मी घरी सांगितलं, तेव्हा आजीने माझ्याकडे असं बघितलं, जणू तो डीजे मीच लावला होता.

नागपुरात उलटंच झालं. रूममेटने माझा इअरफोन कानात घातला, दहा सेकंद ऐकलं आणि म्हणाली, "हे काय ऐकून राहिली तू? फ्रीज चालू असल्यासारखं वाटते."

म्हणजे एकीला हे संगीत फार जास्त वाटतं, दुसरीला काहीच नाही. माझं म्हणणं एवढंच, की आपण ते नीट ऐकतच नाही. तुम्हीही ऐकलं नसेल, तर हे तीन अल्बम घ्या.

पहिला आपल्या मुंबईचा. चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारे वादक. १९८२ मध्ये त्यांनी 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' काढला. यमन, मालकंस असे दहा राग, पण तबला-पेटी नाही. सगळा खेळ रोलँड कंपनीच्या यंत्रांचा. त्यातल्या टीबी-३०३ वर एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. आपल्या मींडेला ती किती जवळची आहे, हे या माणसाच्या कानांनी हेरलं. रेकॉर्ड तेव्हा फारशी चालली नाही. पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, शिकागोच्या फ्युचर या ग्रुपच्या 'ॲसिड ट्रॅक्स'मध्ये तेच यंत्र वाजलं आणि ॲसिड हाऊस नावाचा प्रकार जगभर गेला. २०१० मध्ये चरणजितजींची रेकॉर्ड पुन्हा निघाली, तेव्हा कुठे लोक चकित झाले. 'ॲसिड हाऊस मुंबईत जन्मलं' असं काही जण छाती फुगवून सांगतात. मला ते ताणलेलं वाटतं. शिकागोच्या पोरांपर्यंत ही रेकॉर्ड पोचल्याचा काही पुरावा नाही. पण त्याने अल्बम लहान होत नाही. हेडफोन लावून त्यातला मालकंस ऐका, मग बोलू.

दुसरा, ब्रायन ईनोचा 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स', १९७८ चा. यात ठेका नाही, कडवं नाही. पहिलाच ट्रॅक सतरा मिनिटांच्या आसपास, हळूहळू येणारे पियानोचे सूर. दुसऱ्यात नुसते मानवी आवाज. वेगवेगळ्या लांबीच्या टेप गोल फिरत ठेवल्या, त्यामुळे आवाज दर वेळी नव्याने एकमेकांना भेटतात. हे संगीत लक्ष न देताही चालावं आणि लक्ष दिलं तर गुंतवूनही ठेवावं, अशी ईनोची अट होती. आपण यातली पहिली अर्धीच पाळतो. 'अभ्यासासाठी दहा तास' असलं काहीतरी लावायचं आणि विसरून जायचं.

मीही तेच करत होते. नागपुरातले पहिले तीन महिने मला झोप लागत नव्हती. एका खोलीत चौघी, खाली रस्ता, डोक्यात घर. रात्र सरावी म्हणून हा अल्बम लावायचे. एका रात्री झोप आलीच नाही, तेव्हा तो शेवटपर्यंत ऐकला. दोन सुरांमधली शांतता ऐकताना लक्षात आलं, की तीन महिन्यांत आपण गप्प असं बसलोच नव्हतो. हे औषध नाही. त्रास जास्त असेल तर कुणाशी तरी बोलाच. पण त्या रात्री मला माझी सोबत झाली.

तिसरा जपानचा. हिरोशी योशिमुरा यांचा 'म्युझिक फॉर नाइन पोस्ट कार्ड्स'. हाही १९८२ चाच, आणि याचीही दखल जगाने उशिरा, २०१७ मध्ये तो पुन्हा निघाल्यावर घेतली. खिडकीबाहेरचे ढग, झाडं, पाऊस बघत कीबोर्डवर वाजवलेल्या नऊ छोट्या रचना. आपल्याकडे धानाच्या बांध्यांत पाणी भरलेलं असतं ना, त्या दिवसांत गोंदिया-बल्लारशा गाडीच्या खिडकीशी बसून हा ऐका. आधीच डाउनलोड करून ठेवा, मध्ये रेंज जाते.

यंत्राला आवाज वाढवायला आपण सांगतो. तेच यंत्र कुजबुजूही शकतं, हे वरातीत कळणार कसं? म्हणून विनंती आहे. तीनपैकी एक निवडा, रील्स बंद करा, आणि पहिल्या ट्रॅकपासून शेवटच्यापर्यंत एकदा ऐका. मधेच पुढे ढकलू नका. नाही आवडला तर तसं खुशाल सांगा, पण दहा सेकंदांवर निकाल नको.

दिवाळीत घरी गेले, तेव्हा एक इअरफोन आजीच्या कानात घातला आणि ईनो लावला. ती बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "भजनाच्या आधी तंबोरा लावतात, तसंच आहे हे. गाणं कधी सुरू होते?"

मी म्हटलं, "आजी, हेच गाणं आहे."

तिला ते काही पटलं नाही. पण इअरफोन तिने काढला नाही.