निर्मनुष्य अरण्याचा अभिमान

जपानच्या क्यूशू बेटाच्या दक्षिणेस याकुशिमा हें लहानसें बेट आहे. तेथें 'सुगी' नांवाच्या देवदारासारख्या प्राचीन वृक्षांच्या रानांत एकट्यानें हिंडून आलेले प्रवासी, मनुष्याचा हात न लागलेलें अरण्य पाहिल्याचें अभिमानानें सांगतात. हा अभिमान आम्हांस मान्य नाहीं. सात्सुमाच्या सरदारांनीं या बेटाचा सारा छपराच्या लाकडी फळ्यांच्या रूपानें वसूल केला. त्यापायीं असंख्य सरळ वृक्ष कुऱ्हाडीखालीं गेले. वांकडे व फळ्यांस निरुपयोगी तेवढे बहुधा वांचले. १९६६ सालीं आढळलेल्या 'जोमोन सुगी' या वृक्षराजाकडे नेणारी नेहमींची वाट तरी कोणती? १९२३ सालीं लाकूड वाहण्यासाठीं सुरू झालेल्या रेल्वेचीच! त्याच वाटेवर, १९७० सालीं ओसाड पडलेल्या कोसुगिदानी या लाकूडतोड्यांच्या गांवाच्या खुणा आहेत.

एकट्यानें जाण्यास आमचा विरोध नाहीं. उलट, सोबत्यांची बडबड नसली म्हणजे हे तुटके बुंधे अधिक स्पष्ट बोलतात. परंतु ज्यांच्या श्रमाच्या वाटेनें आपण चालतों, त्यांनाच विसरून मिरविलेला एकांत हा एकांत नव्हे. ती कृतघ्नता होय.