परदेशची सहल आणि आपली तक्रार

उन्हाळ्याची सुटी संपून शाळा-कॉलेजे उघडली, की आमच्या शहागंजातील ओळखीच्या घरांतून एक ठरावीक सभा भरते. कोणी तरी नुकतेच युरोपाहून परत आलेले असते. स्विस चॉकलेटांची बशी पुढे येते, भिंतीवरील पडद्यावर चारशे छायाचित्रे एकामागून एक सरकू लागतात, आणि ती संपण्यापूर्वीच यजमानांच्या तोंडून ते वाक्य बाहेर पडते: "काय सांगावे, नुसती धावपळ झाली हो! धड काही पाहूच दिले नाही." पाहुणे मान डोलावितात, ज्यांनी गेल्या वर्षी हेच केले ते अंमळ अधिक जोराने. मग सहल नेणारी कंपनी, तिचा व्यवस्थापक व बिचारा बसचालक यांस यथेच्छ दोष देऊन सभा विसर्जन पावते, आणि निघता निघता यजमान पुढील वर्षीच्या जपानच्या सहलीचे पत्रक काढून दाखवितात.

या तक्रारीविरुद्धच आम्हांस तक्रार करावयाची आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की मार्गदर्शकासह बसने होणाऱ्या सहलीत काय मिळावयाचे ते आधी छापलेले असते, व बहुधा ते मिळतेही. जे मिळत नाही ते विकावयास कोणत्याच कंपनीपाशी नसते. ते घरून न्यावयाचे असते. आणि सुशिक्षित म्हणविणारे आपण लोक ते नेत नाही. हे आम्ही दुरून लिहीत नाही. गेल्या उन्हाळ्यात आम्ही उभयता अशाच एका पंधरा दिवसांच्या सहलीस जाऊन आलो, आणि परत आल्यावर वरील वाक्य आमच्याही तोंडून गेले, हे प्रारंभीच कबूल केलेले बरे.

वस्तुतः आमच्या शहराने या बाबतीत तरी अधिक शहाणे असावयास हवे होते. २०२३ साली छत्रपती संभाजीनगर हे नाव घेतलेल्या या जुन्या औरंगाबादेत पाहुण्यांच्या बसा आम्ही बालपणापासून पाहत आलो आहो. सकाळी वेरूळ, दुपारी देवगिरीचा किल्ला, उतरत्या उन्हात बीबी-का-मकबरा व पाणचक्की, आणि दुसऱ्या दिवशी शंभर किलोमीटरांवरील अजिंठा, हा त्यांचा ठरलेला क्रम. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळी एका डोंगरातून वरून खाली कोरून काढलेले कैलास लेणे ही मंडळी तासाभरात आटोपताना पाहून आम्ही किती हसलो असू! एकूण चौतीस लेण्यांपैकी चारच पाहून 'वेरूळ झाले' म्हणणाऱ्या गोऱ्या पाहुण्याची आम्हांस कीव येई. तोच आमचा सुज्ञ शहरवासी पॅरिसात उतरला, की आयफेल मनोऱ्यापाशी वीस मिनिटांत अठ्ठावीस छायाचित्रे काढून 'पॅरिस झाले' असे म्हणतो. त्या वेळी आपली कीव कोणास येत असेल, याचा विचार त्याच्या मनास शिवत नाही.

आता अशा सहलीत काय अपेक्षावे हे सरळ सांगतो. 'सहा-सात-आठ' हा तिचा मूलमंत्र होय: सहास उठणे, सातास न्याहारी, आठास बस सुटणे. पुष्कळदा त्याच्याही आधी आपली बॅग खोलीच्या दाराशी ठेवावी लागते. हॉटेल शहराच्या मध्यभागी नसून बहुधा दहा-वीस किलोमीटर बाहेर, हमरस्त्याच्या कडेस असते. म्हणून संध्याकाळी जेवणानंतर सहज पाय मोकळे करण्यास पॅरिस अथवा रोम हाताशी असेल ही आशा सोडावी. बसमधील जागा रोज बदलावी लागते, आणि पुढील आसनावरून होणारे तंटे आमच्या येथील एस.टी.स शोभतील असेच असतात. दर दोन-तीन तासांनी पेट्रोलपंपापाशी थांबा मिळतो; तेथे स्वच्छतागृहासही नाणे मोजावे लागते. रात्रीचे जेवण भारतीय, पण ते संध्याकाळी साडेसहासही होऊ शकते.

चालक मध्येच बस उभी करतो अथवा संध्याकाळी आणखी फेरफटका मारावयास नकार देतो, यावरून आमच्या मंडळींत मोठा संताप झाला होता. परंतु तो आळस नव्हे, कायदा आहे. युरोपीय संघाच्या २००६ सालच्या नियमांप्रमाणे चालकास दिवसाकाठी नऊ तास, व आठवड्यातून फार तर दोनदा दहा तास बस हाकता येते. साडेचार तास हाकल्यावर एकूण पाऊण तासाची विश्रांती सक्तीची, आणि रात्रीची विसावणी सामान्यतः सलग अकरा तासांची. ही सारी नोंद बसमधील टॅकोग्राफ नावाचे यंत्र ठेवीत असते व पोलीस ती तपासतात. आपल्याकडील रात्रीच्या खासगी बसांचे अपघात आठवावेत, म्हणजे या नियमांवर चिडावे की त्यांस हात जोडावेत हे ज्याचे त्यास कळेल.

पत्रकाची भाषाही वाचावयास शिकले पाहिजे. 'प्रवेशासह' म्हणजे तिकीट काढून आत जाणे. 'छायाचित्रासाठी थांबा' म्हणजे पंधरा-वीस मिनिटे दाराशी उभे राहणे. आणि 'बसमधून दर्शन' म्हणजे डावीकडच्यांनी पाहणे व उजवीकडच्यांनी माना ताणणे. हे तीन शब्दप्रयोग वेगळे छापलेले असतात. लूव्हर संग्रहालय, आमच्या वेरूळप्रमाणेच, मंगळवारी बंद असते. आपला पॅरिसचा वार कोणता हे पंचांगात पाहणे काही कठीण नाही. लग्नाचा मुहूर्त चार ठिकाणी ताडून पाहणारे आपण लोक लाखो रुपयांच्या सहलीचे पत्रक दोनदा वाचीत नाही, आणि मग फसविल्याचा आरोप करतो.

येथे दुसरा पक्ष पुढे सरसावेल. 'समूहाने जाणे म्हणजे मेंढरांचा कळप. खरा प्रवासी एकटा जातो', असे म्हणणारी विद्वान मंडळी आमच्या व्यवसायात पुष्कळ आहेत. त्यांचा उपहासही नवा नाही. टॉमस कुक या इंग्रज गृहस्थाने ५ जुलै १८४१ रोजी मद्यपाननिषेधाच्या एका सभेसाठी सुमारे पाचशे माणसे एका शिलिंगात लेस्टरहून लफबरोस आगगाडीने नेली, १८५५ साली लोकांस पॅरिसला व १८६३ साली स्वित्झर्लंडास नेले, आणि सर्वसामान्य इंग्रजास युरोप उघडा झाला. त्याबरोबर १८६५ साली चार्ल्स लीव्हर या कादंबरीकाराने कुकच्या प्रवाशांची गुराढोरांशी तुलना करून यथेच्छ टर उडविली. त्या टरेचे मूळ, या सामान्य लोकांनी आमच्या इटलीत यावेच का, या रोषात होते. कुकच्या स्वित्झर्लंडच्या पहिल्या सहलीत जेमायमा मॉरेल नावाची एक तरुणी होती. तिने लिहिलेली रोजनिशी आजही वाचली जाते; लीव्हरची टर कोण वाचतो? कुकच्या नावाची इंग्लंडातील कंपनी २०१९ साली बुडाली, पण पद्धत जगभर राहिली.

आमच्याकडेही तेच घडले. समुद्र ओलांडल्यास प्रायश्चित्त घ्यावयास लावणाऱ्या समाजातील विधवा, सेवानिवृत्त कारकून व इंग्रजीस बिचकणाऱ्या गृहिणी आज आल्प्सचे बर्फ हाती घेऊन येतात, याचे श्रेय एकट्याने हिंडणाऱ्या विद्वानांस नाही. १९८४ साली केसरी पाटील यांनी व पुढे २०१३ साली वीणा पाटील यांनी उभारलेल्या, आणि त्यांसारख्या इतर मराठी संस्थांस ते द्यावे लागेल. केवळ स्त्रियांसाठी काढलेल्या सहलींनी ज्या बायका प्रथम घराबाहेर पडल्या, त्यांस 'कळप' म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. शिवाय समूहाने जाणे आम्हां मराठी माणसांस परके कोठे आहे? येथून जवळच्या पैठणाहून नाथांची पालखी दर आषाढीस पंढरपुरास जाते. तेथेही मुक्काम ठरलेले, वेळ ठरलेली, जेवण पंगतीचे, आणि पुढे कोणी तरी वाट दाखविणारा असतोच. परंतु वारकरी कोठे व कशासाठी चालला आहे हे पहिले पाऊल टाकण्यापूर्वी त्यास ठाऊक असते. त्याचे अभंग त्याच्या कंठात असतात. आपण मात्र चिवडा व लोणचे तेवढे आठवणीने बांधून घेतो.

याचा धडा आम्हांस ज्यांनी दिला त्या आमच्याच बसमधील एक बाई, प्राथमिक शाळेतील निवृत्त शिक्षिका. निवृत्तीच्या पुंजीतून त्या एकट्याच आल्या होत्या. इंग्रजी बेताचे. हातात शंभर पानी वही, आणि प्रत्येक गावास एक पान. महिनाभर आधी वाचून मराठीत टिपून आणलेले. पहिल्या चार दिवसांत त्या वहीवर बसमध्ये थोडी थट्टाही झाली, आणि आम्ही, इंग्रजी साहित्याची पदवी मिरविणारे प्राध्यापक, तीत हसून सामील झालो.

लूव्हरमध्ये आम्हांस दीड तास मिळाला होता. मार्गदर्शकाने थेट मोनालिसाच्या दालनात नेले. सत्त्याहत्तर सेंटिमीटर उंच व त्रेपन्न रुंद असे ते चित्र, काचेआड, आणि पुढे शेकडो उंचावलेले हात. आम्हीही हात उंचावला. तेवढ्यात बाईंनी आमच्या सौभाग्यवतींस हळूच म्हटले, "ताई, मागे वळा." मागील भिंतीवर व्हेरोनेझे या चित्रकाराचे 'काना येथील लग्न' होते: सुमारे पावणेसात मीटर उंच, दहा मीटर रुंद, त्या संग्रहालयातील सर्वांत मोठे चित्र. शेकडो माणसे त्याकडे पाठ करून उभी होती. लग्नघरी द्राक्षासव संपले असता येशूने पाण्याचे द्राक्षासव केले, ही बायबलातील कथा बाईंनी आम्हां दोघांस तीन वाक्यांत सांगितली. मध्यभागी बसलेले वादक व पायाशी घुटमळणारी कुत्री दाखविली. आणि वहीतून वाचले, की हे चित्र १५६३ साली व्हेनिसमधील सान जॉर्जो माज्जोरे येथील मठाच्या भोजनगृहासाठी पुरे झाले, व १७९७ साली नेपोलियनच्या सैन्याने ते भिंतीवरून उतरवून पॅरिसास नेले. "आपण व्हेनिसलाही जाणार आहोत ना? मग ती भिंत पाहता येते का बघू," असे त्या म्हणाल्या.

आठ दिवसांनी आम्ही व्हेनिसला होतो. बस काठाशी सोडून पुढे बोटीने जावे लागले. २०२४ पासून तेथे पंचवीसांहून मोठा गट करण्यास व ध्वनिवर्धक वापरण्यास मनाई असल्यामुळे आमच्या दोन तुकड्या झाल्या, आणि यावरही कोणी कुरकुर केली. सेंट मार्कच्या चौकापाशी पाण्याकडे तोंड करून उभे राहिले, की समोरच्या बेटावर उंच मनोऱ्याचे सान जॉर्जोचे मंदिर दिसते. त्यास पाठीशी घेऊन आमच्या मंडळींनी मनसोक्त छायाचित्रे काढिली. बेटावर जाण्यास वेळ नव्हता. बाई मात्र काठावर उभ्या राहून काही वेळ त्या बेटाकडे पाहत राहिल्या, वही उघडून एक ओळ लिहिली, आणि वेळेवर बोटीत येऊन बसल्या. त्या भोजनगृहात २००७ पासून मूळ चित्राची हुबेहूब प्रतिकृती लावलेली आहे, हेही आम्हांस त्यांच्याच वहीतून कळले. तीच बस, तेच तास, तेच भाडे. तरी त्यांच्या पदरात पॅरिस व व्हेनिस एका धाग्याने जोडून पडली, आणि आमच्या पदरात चारशे छायाचित्रे.

कोणी म्हणेल, दिवसभर दमलेल्या माणसास इतिहास कशास सांगता. आम्ही मौजेसाठी जातो. मौज करावी, तीत काहीच पाप नाही. पण मग 'काही पाहू दिले नाही' ही तक्रार करू नये. जिलेबी मागवून पोळी मिळाली नाही म्हणून हलवायाशी भांडणे शोभत नाही.

कंपन्यांस आम्ही निर्दोष ठरवीत नाही. 'पंधरा दिवसांत दहा देश' ही बढाई त्यांनी सोडावी. रोज बसमध्ये किती तास जातील व हॉटेल शहरापासून किती दूर असेल, हे ठळक अक्षरांत छापावे. पण ही बढाई चालते कशाने? शेजाऱ्याचे आठ देश झाले म्हणून आपले दहा व्हावेत, असे गिऱ्हाईकास वाटते म्हणून. तीन देशांची सावकाश सहल काढावी तर तिच्यात जागा रिकाम्या राहतात, आणि त्या रिकाम्या ठेवणारे आपणच असतो. ज्या घरांत मुलांकडून फ्रेंच राज्यक्रांतीच्या सनावळ्या घोकून घेतल्या गेल्या, त्या घरांतील वडीलमंडळींनी पॅरिसास जाण्यापूर्वी एक पुस्तक वाचू नये, हे आमच्या शिक्षणाचे अपयश आहे. आणि त्यात आम्हां प्राध्यापकांचा वाटा मोठा आहे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. परदेशी जरूर जावे, समूहाने जावे, लाज न बाळगता जावे. पत्रक दोनदा वाचावे, देश कमी निवडावेत, आणि प्रत्येक गावी पाहावयाची एकच गोष्ट आधी ठरवून तिच्याविषयी एक पान मायबोलीत लिहून न्यावे. सवय व्हावी म्हणून पहिले पान वेरुळाचे लिहावे. ते येथून तीस किलोमीटरांवर आहे, आणि आम्हांपैकी कितीकांनी त्याची चौतीस लेणी पाहिली आहेत हे आम्ही विचारीत नाही.

यापुढे कोणत्याही दिवाणखान्यात 'धड काही पाहूच दिले नाही' हे वाक्य कानी आले, तर आम्ही एवढेच विचारणार आहो, की निघण्यापूर्वी आपण काय पाहावयाचे ठरविले होते? उत्तर मिळाल्यास कंपनीविरुद्ध आम्ही त्या यजमानांच्या बाजूने उभे राहू. न मिळाल्यास चॉकलेट घेऊन घरी येऊ.