सायटेशनचा आकडा वाचायचा कसा?

"जगातल्या अव्वल 2 टक्के शास्त्रज्ञांत आपले अमुक" अशी बातमी आली, की मी आधी बघतो: विषय कोणता आणि निबंधाला लेखक किती? उदाहरण हिंगोलीतलंच घ्या. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभं राहणार आहे. अमेरिकेतल्या मूळ लायगोच्या 2016 मधल्या गुरुत्वीय लहरींच्या निबंधावर हजाराहून जास्त नावं आहेत. दुसऱ्या कुणी त्याचा उल्लेख केला, की ते सायटेशन प्रत्येकाच्या खात्यात अख्खं जमा. वाटणी नाहीच!

मेंदूविज्ञानाचं गणित वेगळं. मुंबईच्या टीआयएफआरमधल्या शुभा टोळे यांच्या गटाचा 2008 चा 'सायन्स'मधला निबंध घ्या. गर्भात मेंदूचं कॉर्टेक्स घडताना एलएचएक्स2 हे जनुक काय ठरवतं, हे त्यात उंदरांवर दाखवलं. लेखकांची नावं दोन-तीन ओळींत संपतात. आणि उंदरांच्या पिढ्या वाढवायच्या म्हटलं की वेळ जातोच.

एच-इंडेक्स 10 म्हणजे किमान 10-10 उल्लेख मिळालेले 10 निबंध. त्याला हा फरक कळत नाही. स्टॅनफर्डची 2 टक्क्यांची यादी निदान सहलेखक आणि उपविषय धरते. तेव्हा पीएचडीला गाइड निवडताना गूगल स्कॉलर जरूर उघडा, पण तुलना त्याच विषयातल्या माणसांशी करा.